पदवी आणि तळं

इतिहास वाचताना कधी कधी दोन तारखा शेजारी येऊन बसतात आणि मग काही केल्या डोक्यातून जात नाहीत. २० मार्च १९२७ ही तारीख महाराष्ट्रात बहुतेकांना पाठ आहे. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं प्यायली. दुसरी तारीख फारशी कुणाच्या लक्षात नसते. ८ जून १९२७. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. रीतसर बहाल केली. दोन्हींच्या मधे बरोबर ऐंशी दिवस.

चरित्रांमध्ये या दोन गोष्टी बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. पदवी 'शिक्षण' या प्रकरणात, तळं 'कार्य' या प्रकरणात. वाचणाराही तसंच समजतो. आधी माणूस शिकला, मग शिकणं संपलं आणि काम सुरू झालं. मला मात्र अलीकडे वाटू लागलंय की ही दोन्ही एकाच प्रकरणातली पानं आहेत. आणि तसं वाटण्याला एक निमित्तही आहे.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर मुलगी किंवा मुलगा 'एम.ए. करतोय' म्हटलं की समोरचा पुढचा प्रश्न विचारतो, "पुढे काय?" इतिहासात, मराठीत, समाजशास्त्रात एम.ए. म्हणजे नोकरी मिळेपर्यंतचा थांबा, किंवा लग्न ठरेपर्यंतचा, असं सगळ्यांनी मनातल्या मनात धरून चाललेलं असतं. त्यात विचारणाऱ्याची चूक नाही, त्याला तसंच दिसत आलेलं आहे. पण मानव्यविद्यांचं पदव्युत्तर शिक्षण हे समाजाच्या कोणत्या उपयोगाचं, आणि ते घेणं कुणाला परवडतं, या दोन प्रश्नांचा जितका इतिहास या एका जिल्ह्यात पडलेला आहे तितका क्वचितच दुसरीकडे सापडेल. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, १९८१ साली ते रायगड झालं.

तर आधी महाड.

आंबेडकर कोलंबियात मुख्यतः अर्थशास्त्र शिकले हे खरं, पण त्याच्या जोडीला त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे कितीतरी विषय घेतले. १९१५ मधला त्यांचा एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर होता. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. आज आपण त्या निबंधाकडे ग्रंथ म्हणून बघतो. पण तेव्हा ते काय होतं? एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने वर्गात वाचलेलं टिपण. आज एम.ए.च्या वर्गात 'सेमिनार पेपर' म्हणून जे लिहिलं जातं आणि मार्क पडल्यावर रद्दीत जातं, त्याच जातीचं.

आता डिसेंबर १९२७ कडे या. मार्चमध्ये पाणी प्यायल्यावर दंगल झाली, तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, म्हणून डिसेंबरात दुसऱ्यांदा महाडला सत्याग्रह परिषद भरली. मंडपासाठी जागा मिळेना, ती शेवटी फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी दिली. त्या मंडपात, कोकणातल्या खेड्यापाड्यांतून चालत आलेल्या माणसांसमोर, आंबेडकर कशावर बोलले? १७८९ च्या फ्रान्सवर! फ्रान्सची राष्ट्रीय सभा का भरली, तिने कोणते हक्क जाहीर केले आणि महाडची ही सभा तिच्या पंक्तीला कशी बसते, हे त्यांनी मराठीत मांडलं. समोरच्यांना फ्रान्स कुठे आहे हे तरी ठाऊक असेल का, असा विचार करून त्यांनी तो भाग गाळला नाही. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात वाचलेला युरोपचा इतिहास त्यांनी जशाच्या तशा तोलाने महाडच्या मंडपात आणून ठेवला. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढची कमी सांगितली जाते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्या परिषदेच्या आधीच काही सवर्ण मंडळी कोर्टात गेली होती. त्यांचं म्हणणं असं की हे तळं पुरातन काळापासून फक्त सवर्ण हिंदूंच्या वहिवाटीचं आहे. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, म्हणून डिसेंबरात सत्याग्रही तळ्यावर गेले नाहीत. दावा चालत राहिला. जवळजवळ दहा वर्षं. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही.

जरा थांबून बघा. तळ्याच्या काठावर जे रक्त सांडलं त्याचा कायदेशीर शेवट कशावर झाला? 'पूर्वीपासून असंच चालत आलंय' या वाक्यावर. ते वाक्य खरं की खोटं, त्याला पुरावा काय, 'पूर्वी' म्हणजे नेमकं कधीपासून, हे प्रश्न विचारण्यावर. इतिहासाच्या पहिल्या वर्गात शिकवतात ते हेच तर असतं! आपल्या समाजातला जवळजवळ प्रत्येक अन्याय 'पूर्वीपासून असंच आहे' या वाक्याच्या आडोशाला उभा असतो. त्या वाक्याला पुरावा मागायला शिकवणं हे ज्या शिक्षणाचं काम आहे, त्याला 'निरुपयोगी' कसं म्हणायचं?

बरं, पण हे शिक्षण मिळालं कुणाला? इथे गोष्ट अवघड होते.

आंबेडकरांना ते मिळालं त्यामागे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची अट. मुदत संपली तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना यावं लागलं. बडोद्यात नोकरी होती पण राहायला कुणी जागा देईना. पुन्हा लंडनला जायला १९२० उजाडलं, तेही स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राचं कर्ज असं सगळं गोळा करून. म्हणजे ज्या माणसाच्या बुद्धीबद्दल आज कुणाला शंका नाही, त्याचाही अभ्यास पैशाअभावी अर्धा राहण्याच्या बेतात होता. ज्यांना सयाजीराव भेटले नाहीत त्यांचं काय झालं असेल?

त्याचं उत्तरही महाडातच आहे. रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगावजवळच्या लाडवलीचे. मुलगा हुशार, पण महाडच्या इंग्रजी शाळेत त्याला घेईनात. वर्तमानपत्रात पत्र छापून आलं, सरकारी अनुदानाचा प्रश्न निघाला, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला, आणि तोसुद्धा वर्गाबाहेर बसून शिकायच्या अटीवर. हेच मोरे पुढे १९२७ च्या महाड परिषदेच्या मुख्य संयोजकांपैकी एक झाले. त्यांना पदवी मिळाली नाही. आणि त्यांच्याही आधी, दासगावच्या परिसरातलेच गोपाळबाबा वलंगकर, लष्करातून निवृत्त झालेले, ज्यांनी १८८८ च्या सुमारास अस्पृश्यतेला शास्त्राधार कुठे आहे असा प्रश्न छापून विचारला. हाही तोच 'पुरावा दाखवा'चा प्रश्न. कोणत्याही विद्यापीठाच्या मदतीशिवाय, तळ्याच्या चाळीस वर्षं आधी. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तेव्हा शेजारी बसायला लागेल म्हणून इतर सभासदांनी आक्षेप घेतला.

म्हणजे प्रश्न विचारणारी माणसं या किनाऱ्याने कधीच कमी पडू दिली नाहीत. कमी पडली ती त्या प्रश्नांना वेळ, पैसा, ग्रंथालय आणि बसायला जागा देणारी व्यवस्था.

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे. इतिहासाचार्य राजवाडे १८६३ साली तिथे जन्मले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे डेक्कन कॉलेजातून १८९१ मध्ये बी.ए. झाले आणि त्यानंतर विद्यापीठाशी त्यांचा संबंध संपल्यातच जमा. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे बावीस खंड, त्यातला पहिला १८९८ चा, हे सगळं काम त्यांनी गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं उलगडून केलं. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. आणि हट्टाने मराठीतच लिहिलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर जगात नाव झालं असतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

राजवाड्यांचं एक मोठं देणं असं की संशोधन हे वाड्यात, देवळात, पाटलाच्या घरात, म्हणजे लोकांमध्ये जाऊन करायची गोष्ट आहे हे त्यांनी दाखवलं. त्यांनी जमवलेली कागदपत्रं त्यांच्या मालकीची राहिली नाहीत, समाजाची झाली. मानव्यविद्यांचा सार्वजनिक उपयोग म्हणतात त्याचा याहून चांगला नमुना कुठे मिळेल?

पण पूर्ण चित्र बघायचं तर हेही बघायला हवं की त्यांच्या इतिहासात जातीचा अभिमान डोकावत राहिला. कायस्थ प्रभूंबद्दल त्यांनी जे लिहिलं त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये 'कोदंडाचा टणत्कार' लिहून उत्तर दिलं. प्रबोधनकार पनवेलचे, म्हणजे पुन्हा आपल्याच जिल्ह्यातले. वरसईच्या संशोधकाला पनवेलच्या लेखकाने पुराव्याने अडवलं. मला या वादातून एक गोष्ट दिसते. साधनं गोळा करणारा कितीही मेहनती असो, साधनं वाचणारे जर एकाच घरातले, एकाच आळीतले असतील तर काही गोष्टी त्यांना दिसतच नाहीत. उच्च शिक्षणात सगळ्या थरांतली माणसं हवीत ती केवळ त्यांच्यावर उपकार म्हणून नकोत. ती नसतील तर ज्ञानच अर्धवट राहतं. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले. त्यानंतर अडीच महिन्यांनी महाडला जे झालं, ते त्यांच्या साधनांच्या खंडांत कुठे बसलं असतं याचा मी पुष्कळदा विचार करतो.

असंच एक तिसरं नाव. हाईम सॅम्युएल केहीमकर. आडनावावरून गाव कळतंच, अलिबागजवळचं किहीम. तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत त्या बेने इस्रायल समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला! लिहिल्यानंतर चाळीस वर्षांनी, आणि नवगावच्या किनाऱ्यापासून हजारो मैलांवर. कोर्लईचंही तसंच. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक भाषा हजारभर लोक बोलतात. तिच्यावरचा गाजलेला अभ्यास क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचा, १९९६ चा, इंग्रजीत. त्या अभ्यासाबद्दल मला आदरच आहे. परक्या माणसाने येऊन इतकं केलं. पण कोर्लईच्या एखाद्या मुलाला आपल्या आजीच्या भाषेबद्दल काही वाचावंसं वाटलं तर त्याने कुठे जायचं?

इथे अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. सहा वर्षं! मोलमजुरी, लाकूडफाटा, मासळी, जमेल ते करून माणसं जगली पण नांगर धरला नाही. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याच साली पाटलांनी 'कृषीवल' सुरू केलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये.

आता याची शिक्षणाशी सांगड अशी की आंबेडकरांनी १९१८ मध्येच शेतीच्या लहान लहान तुकड्यांच्या प्रश्नावर एक अभ्यासपूर्ण लेख लिहिला होता. आणि अर्थशास्त्रातले त्यांचे प्रबंधही सरकारचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याच्यावरच होते. चरीच्या कुळाला आपण पिकवलेलं भात कुठे जातं हे अनुभवाने ठाऊक होतं. अभ्यासकाला ते आकड्यांनी आणि कायद्याच्या भाषेत मांडता येत होतं. दोघांची गाठ पडली तेव्हा विधेयक झालं. कुळाशिवाय अभ्यासक नुसताच विद्वान राहिला असता आणि अभ्यासकाशिवाय कुळाचा अर्ज कचेरीत पडून राहिला असता.

हे सगळं झुकतं माप देऊन सांगतोय असं वाटेल, म्हणून आजचं एक उदाहरण देतो. माझ्या ओळखीतली एक मुलगी इतिहासात एम.ए. करत होती. दिवसा नोकरी, म्हणून बाहेरून. तिची आजी मिठागरात राबलेली. पायांना मिठाने भेगा पडलेल्या, हे तिने लहानपणी पाहिलेलं. तिला प्रकल्पासाठी पेण-उरणकडच्या मिठागरांच्या कामगारांवर लिहायचं होतं. तिला सांगण्यात आलं की यावर 'संदर्भग्रंथ' नाहीत, तेव्हा शिवकालीन प्रशासनावर काहीतरी कर. तिने केलं. चांगले मार्क पडले. आजी मधल्या काळात गेली.

शिवकालीन प्रशासनावर लिहू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण संदर्भग्रंथ नाहीत हे विषय टाळण्याचं कारण कसं होऊ शकतं? राजवाड्यांनी सुरुवात केली तेव्हा कुठे संदर्भग्रंथ होते! संदर्भग्रंथ नाहीत म्हणूनच तर संशोधन करायचं असतं.

उलट बाजूनेही एक धोका आहे, आणि तो मला तितकाच खरा वाटतो. 'गावाच्या उपयोगाचं शिका' म्हणता म्हणता आपण गावच्या पोरांना गावातच डांबून ठेवू शकतो. शहरातल्या मुलाने कालिदास आणि कांट वाचावा, आणि आगरी-कोळ्याच्या, आदिवासी वाडीवरच्या मुलीने फक्त आपल्याच वाडीची गाणी गोळा करावीत, ही काही समता झाली नाही. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले आणि रोह्याकडे वाढलेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि हे सगळं करताना मेघदूताचं मराठीत भाषांतरही केलं. १९५६ ते १९६१ विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते अध्यक्ष होते. मेघदूताचा 'उपयोग' काय, असं त्यांना कुणी विचारलं नाही. तो निरुपयोगी आनंद घेण्याचा हक्कसुद्धा वाटून घ्यायची गोष्ट आहे. आंबेडकरांनी महाडला फ्रान्स नेला तो याचसाठी, असं मला वाटतं. तुमचं गाव तुमचं आहेच, पण फ्रान्सही तुमचा आहे.

मग करायचं काय? मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. तरीही या जुन्या गोष्टींवरून चार गोष्टी सुचतात त्या मांडतो.

पहिली, पैसा आणि वेळ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. पुढे त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज महाडलाही झालं. विद्यार्थ्याच्या दिवसाचं वेळापत्रक बघून कॉलेजचं वेळापत्रक ठरवणं, इतकी साधी गोष्ट. आज महाड-पोलादपूरच्या मुलाला कलिन्याला जायचं तर जाण्यातच अर्धा दिवस मोडतो. अलिबागकडून गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. अटल सेतू २०२४ मध्ये झाला, पण तो मोटारवाल्यांसाठी. म्हणून आपल्याकडची बहुतेक मुलं बाहेरून एम.ए. करतात. ते दुय्यम न मानता तेच नीट करायला हवं. तालुक्याच्या गावी महिन्यातून दोन दिवस तरी शिक्षक आणि पुस्तकं पोचायला हवीत. संशोधनासाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, राष्ट्रीय पातळीवर जे.आर.एफ. आहे, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. पण ही मदत बहुतांशी पीएच.डी.ला लागल्यावरची. तिथपर्यंत पोचायच्या आधी एम.ए.च्या दोन वर्षांत जी मुलं गळतात त्यांची मोजदाद कोण करतं? त्यात २०२२ मध्ये एम.फिल. बंद झालं. नोकरी सांभाळून संशोधनाची चव घेण्याची ती एक मधली पायरी होती.

दुसरी, भाषा. मराठीत लिहिलेला प्रबंध कमी दर्जाचा, ही समजूत राजवाड्यांनी शंभर वर्षांपूर्वी खोटी पाडली होती. मराठीत लिहा आणि इंग्रजीत वाचा, दोन्ही आलं पाहिजे. नुसतं मराठी आलं तर फ्रान्स हातचा जातो आणि नुसतं इंग्रजी आलं तर महाडचा मंडप.

तिसरी, प्रबंध कशाला म्हणायचं. दोनशे पानं बांधून दिली तरच संशोधन, असं का? एखाद्या मुलीने गावातल्या पन्नास मोडी कागदांचं वाचन करून, टिपा देऊन ते लावून ठेवले तर ते संशोधन नाही का? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. शिंदे समिती नेमली गेली तेव्हा सगळ्या राज्याला अचानक आठवण झाली की मोडी वाचणारी माणसं लागतात, आणि ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत! लाखो लोकांच्या हक्कांचा प्रश्न एका विसरलेल्या लिपीपाशी येऊन थांबला. जमिनींचे भाव चढलेल्या या किनाऱ्यावर तर घरोघरी जुन्या कागदांची भांडणं आहेत. २००८ मध्ये पेणकडच्या बावीस गावांत सेझवर सार्वमत झालं, त्या वेळी लोक काय बोलले, बायका काय बोलल्या, कुणी काय कारणं दिली, हे आज तिथे असलेल्या माणसांच्या आठवणीत आहे. अजून वीस वर्षांनी नसेल.

२०२३-२४ पासून नव्या धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला संशोधन पद्धतीचा विषय आला आणि त्याच्या जोडीला कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्र प्रकल्प, चार श्रेयांकांचा. बहुतेक ठिकाणी याचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. कुठल्यातरी ऑफिसातून सही-शिक्का आणायचा. पण दार तर उघडलंय ना. अलिबाग, महाड, मुरूड, पेण इथल्या प्रत्येक एम.ए.च्या विद्यार्थ्याने त्या चार श्रेयांकांत एका गावाचं एक काम केलं, कुठे स्मशानातल्या हिब्रू-मराठी शिळा उतरवून घेतल्या, कुठे मिठागरातल्या आजींचं बोलणं टिपलं, तर दहा वर्षांत या किनाऱ्याचा केवढा दस्तऐवज उभा राहील! मग 'संदर्भग्रंथ नाहीत' हे कारण कुणाला देता येणार नाही.

आणि चौथी, सगळ्यात स्वस्त. प्रबंधाची एक प्रत त्या गावाला द्या. विद्यापीठाला जाते, मार्गदर्शकाला जाते, तशी एक ग्रामपंचायतीत किंवा गावच्या वाचनालयात जाऊ दे. त्या प्रतीच्या शेवटी, ज्यांनी माहिती दिली त्यांना समजेल अशा मराठीत दहा पानं असू देत, आणि ती एकदा गावात वाचून दाखवू देत. गावातली माणसं चुका काढतील, भांडतील. "आमच्या आजोबांचं नाव का नाही" म्हणतील. ती परीक्षा तोंडी परीक्षेहून कडक असेल, पण असू दे.

यातल्या कशालाही मोठा कायदा लागत नाही. लागतं ते विषय सुचवणाऱ्या मुलीला "हे जमेल, बघूया" म्हणणारं कुणीतरी. तुमच्यापैकी कुणी कॉलेजात शिकवत असाल तर यंदाच्या क्षेत्र प्रकल्पाचे विषय ठरवताना मिठागरांचा विचार करा. पेण-उरणकडे अजून त्या पिढीतल्या काही बायका आहेत, आणि त्या बोलायला तयार असतात. फक्त दुपारी जाऊ नका, तेव्हा त्या झोपलेल्या असतात.